पार्ट कशाने धुता?

रहिमतपूर स्टेशनातून मिरजेकडे निघालेली गाडी कराड, किर्लोस्करवाडी, सांगली करत जाते; उलट्या दिशेला कोरेगाव आणि सातारा. किर्लोस्करवाडी १९१० सालची. म्हणजे लोखंड कापणे-तासणे या रुळांच्या आजूबाजूला शंभर वर्षांहून जुने. आज साताऱ्याची एमआयडीसी आहे, सांगलीजवळ कुपवाड आहे. मशीनवरून उतरलेला पार्ट तेलकट असतो आणि प्लेटिंगआधी त्यावर तेलाचा अंश राहता कामा नये. त्यासाठी जगभर वापरले गेलेले रसायन म्हणजे ट्रायक्लोरोएथिलिन, थोडक्यात टीसीई.

टाकीच्या तळाशी ते ८७ अंशांना उकळते. वाफ गार पार्टवर बसते आणि तेल घेऊन खाली ओघळते. सहजी पेट घेत नाही, पार्ट लगेच वाळतो. दोन्ही गुण मालकाला आवडणारे. पण ही वाफ हवेच्या साडेचारपट जड असते. जाळी घाईने वर ओढली की तिच्याबरोबर बाहेर येते आणि खोलगट जागेत साचून राहते. वास गोडसर. डोके जड होते, थोडी झिंग येते, मोकळ्या हवेत चहा घेतला की उतरते. ‘काही होत नाही’ हा समज इथेच पक्का होतो. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, हे कुणी सांगत नाही.

झिंग उतरते, पण टीसीईचा काही भाग शरीरात वेगळे रूप घेतो. मूत्रपिंडाच्या पेशी तो फोडतात, आणि त्यातून निघालेला पदार्थ त्याच पेशींतल्या डीएनएला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये टीसीईला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, ते मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावर. यकृत आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगांबाबत पुरावा तितका भक्कम नाही. ड्रायक्लीनिंगमधले परक्लोरोएथिलिन ‘बहुधा’ या गटात आहे. एकदा हात बुडवला म्हणून कुणी घाबरू नये. धोका वाढतो तो मात्रेने आणि वर्षांनी.

जपानमधल्या ओसाकाची गोष्ट इथल्या प्रत्येक शॉपमध्ये सांगावी अशी आहे. तिथल्या एका छापखान्यात शाई पुसायला याच कुळातली द्रावणे वापरत आणि हवा पुरेशी खेळत नव्हती. एरवी म्हातारपणी होणारा पित्तनलिकेचा कर्करोग तिथे ऐन उमेदीतल्या कामगारांना झाला. प्रकरण २०१२ मध्ये उघड झाले. हे सगळे एकाच छापखान्यातले, हे कुणीतरी जोडून पाहिले म्हणून.

वापरलेले द्रावण मागच्या अंगणात ओतणे हा तर वेगळाच गुन्हा. ते पाण्याहून जड, आपल्या काळ्या खडकाच्या भेगांतून खाली उतरते आणि विहिरीला लागले की काढणे महाकठीण. अमेरिकेतल्या कॅम्प लेजून तळावर पिण्याच्या पाण्यात अशी रसायने कित्येक वर्षे होती. नुकसानभरपाईचा कायदा आला २०२२ मध्ये. टीसीईवर बंदीचा नियम अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. आपल्याकडे सरसकट बंदी नाही, जरी बऱ्याच कामांना पाण्यात मिसळणारी अल्कली द्रावणे चालतात.

क्लोरीनयुक्त द्रावणांची विषबाधा कारखाने अधिनियमाच्या यादीत होती; डॉक्टरने ती कळवणे बंधनकारक. पण कर्करोग वीस-वीस वर्षांनी उगवतो. तोवर नोकरी बदललेली असते आणि केसपेपरवर तंबाखूपुढे प्रश्न जात नाही. तेव्हा कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, पार्ट कशाने धुतले, हे कागदावर लिहून ठेवा. लघवीतून रक्त गेले तर तो कागद घेऊनच दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांना तो केसपेपरला लावायला सांगा.