ठणका आणि सिमेंट

साताऱ्याच्या शाखेत असताना, ऐन मार्चअखेरीला माझी दाढ ठणकली. रजा मिळेना, म्हणून सरळ उपटून घेतली. ठणका गेला, दाढही गेली.

परवा सांगलीत दुसरी दाढ ठणकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘काका, नसेचा वरचा सुजलेला भाग काढू. रक्त थांबले, तर मुळांतली नस जिवंत ठेवू. नाहीतर रूट कॅनाल.’

रक्त थांबले. वर भरायला दोन सिमेंटे होती. एमटीए हे १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात टोराबिनेजाद यांनी पुढे आणलेले, बांधकामाच्या पोर्टलंड सिमेंटचेच सोवळे भावंड. ते घट्ट व्हायला काही तास लागतात, दात काळवंडण्याची भीतीही असते. बायोडेंटीन सुमारे १२ मिनिटांत घट्ट होते.

‘दुखणे कशाने लवकर थांबेल?’ मी बँकेतल्या सवयीने तुलना मागितली.

‘त्यात फारसा फरक नाही. ठणका जातो तो सुजलेला भाग निघाल्याने. सिमेंट वरून दार घट्ट लावते.’

दोन दिवस गोळी घेतली, मग तीही सुटली. आता भाकरी त्याच बाजूने चावतो. जीभ मात्र अधूनमधून साताऱ्यातल्या त्या रिकाम्या जागेकडे जाते. तेव्हा एक दिवसाची रजा हट्टाने मागायला हवी होती.