पाळण्यातलं नाव, मैदानातलं नाव

मित्रांनो, हॉस्टेलवर आल्यावर सगळ्यात आधी काय हरवतं? बादली? छे, आपलं नाव! आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव फक्त मस्टरवर उरतं आणि कॉरिडॉरमध्ये भलत्याच नावाने हाका सुरू होतात. माझंच बघा ना. पहिल्याच प्रॅक्टिकलला लॅबचा फ्यूज उडवला आणि त्या दिवसापासून मी 'सर्किट' झालो.

खेळातही हेच चालतं, फक्त तिथे नाव कमवावं लागतं. कबड्डीतला प्रदीप नरवाल 'डुबकी किंग' का? तर बचावपटूंच्या साखळीखालून वाकून तो सटकायचा. २०१७ च्या प्रो कबड्डीत त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. आपल्या दिलीप वेंगसरकरांचं 'कर्नल' हे नाव मात्र उसनं. १९७५ मध्ये नागपूरला इराणी करंडकात त्यांनी बेदी-प्रसन्नाला असं काही धुतलं की लोकांना कर्नल सी. के. नायडू आठवले. नायडू होळकरांच्या फौजेत खरोखरचे कर्नल होते.

अमेरिकावाल्यांचं फुटबॉल वेगळंच. चेंडू लंबगोल, आणि तो हातात धरून पळायचं. त्यात क्वार्टरबॅक नावाचा गडी असतो. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हाती येतो. फेकायचा की दुसऱ्याकडे द्यायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, तेही समोरून धिप्पाड माणसं अंगावर येत असताना! अशा वेळी डोकं थंड ठेवणाऱ्या जो मोंटानाला लोकांनी नाव दिलं 'जो कूल'. १९८९ च्या सुपर बोलमध्ये तीनच मिनिटं उरलेली, संघ तीन गुणांनी मागे आणि ९२ यार्ड पार करायचे. पठ्ठ्याने सामना काढला!

संघांच्या नावांतही गावाचा धंदा दिसतो. पिट्सबर्ग पोलादाचं शहर, म्हणून 'स्टीलर्स'. ग्रीन बेच्या संघाला १९१९ साली एका पॅकिंग कंपनीने कपड्यांसाठी ५०० डॉलर दिले, म्हणून ते 'पॅकर्स'. आपल्याकडे 'पुणेरी पलटण' आहेच, २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकलेली. उद्या आपल्या गावाचा संघ निघाला तर 'भिवंडी लूम्स' नाव शोभेल. रात्रंदिवस खटखट, थांबायचं नाव नाही!

पण एक नाव वाचून मी थबकलो. वॉशिंग्टनचा संघ बोस्टनला होता तेव्हापासून, म्हणजे १९३३ पासून, 'रेडस्किन्स' म्हणवत होता. म्हणजे लाल कातडीचे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना हिणवणारा हा शब्द. त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. संघवाले म्हणायचे, आम्ही तर मान देतोय! शेवटी २०२० मध्ये ते नाव गेलं आणि २०२२ पासून संघ 'कमांडर्स' झाला.

हे वाचताना मला आमच्या मजल्यावरचा एक ज्युनिअर आठवला. त्याच्या रंगावरून त्याला 'डांबर' हे नाव मीच ठेवलं होतं. सगळे हसले, तोही हसला. मला वाटलं, चालतंय. पण हळूहळू तो मेसला सगळे उठल्यावर यायला लागला. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या रात्री त्याच्या रूमवर गेलो. सॉरी म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे सर्किटदादा. फक्त नावाने हाक मारत जा."

फरक एवढाच आहे, मित्रांनो. 'सर्किट' हे नाव माझ्या करणीवरून पडलं, त्याचं नाव त्याच्या कातडीवरून. मान द्यायचाय की हिणवायचंय, हे ठेवणाऱ्याने ठरवायचं नसतं. ज्याला ते नाव वागवावं लागतं, त्याला विचारायचं असतं.

गॅदरिंगच्या कबड्डीत आता मी त्याला नावानेच ओरडून चिअर करतो. घसा बसेपर्यंत.