बापांनो, अंगणवाडीत या!

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली. पण अंगणवाडी म्हणजे खाऊ आणि आईचे काम, असाच आम्हा पुरुषांचा समज! वस्तुतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे गाणी, गोष्टी, खेळ यांतून शाळापूर्व शिक्षण मिळते.

माझा मुलगा अंगणवाडीत असताना मी तेथे एकदाही गेलो नाही. कचेरीत दिवसभर आकडेमोड करणारा मी, घरी त्याच्याबरोबर चिंचोके मोजायला बसलो नाही. पुढे तो गणिताची वही माझ्यापासून लपवू लागला, तेव्हा चूक कळली.

सुभेदार रामजी भीमरावांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवीत. आपण निदान पालकसभेला जाऊया. रात्री दहा मिनिटे मुलाजवळ, मुलीजवळही, बसूया.