हिंदुस्थान व ब्रिटन यांच्या कागद-आयातीचे आंकडे : तुलनेंतील कांहीं धोके

कंपनी सरकारच्या अमदानींतील मराठी दप्तरें हाताळणाऱ्यांस जुन्नरी व दौलताबादी घोटीव कागदाशेजारीं विलायती जलचिन्हांचा कागदहि आढळतो. तो केव्हां व किती आला हें ठरविण्यासाठीं हिंदुस्थान व ब्रिटन या दोन देशांच्या कागद-आयातीच्या किंमती शेजारीं मांडण्याचा मोह होतो. अशा मांडणीवरून देशी कागदाच्या ऱ्हासाचा काल ठरूं लागतो. सबब हे आंकडे कसे वाचावे याचा विचार येथें आम्हीं करीत आहों.

पहिला धोका हुंडणावळीचा. ब्रिटनचे आंकडे पौंडांत, हिंदुस्थानचे रुपयांत. १८७० च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. पुढें चांदी उतरली आणि शतकाच्या अखेरीस तो १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावला. म्हणजे शंभर पौंडांचा कागद पहिल्या भावानें १,००० रुपयांचा, तर दुसऱ्या भावानें १,५०० रुपयांचा होतो. एक ताव अधिक न येतां आयात दिडीनें वाढल्याचा भास होतो! १९२७ सालीं १ शिलिंग ६ पेन्स हा दर कायम झाल्यावर तोच माल सुमारें १,३३३ रुपयांवर आला.

दुसरा धोका किंमत लावण्याच्या रीतीचा. १८५४ पूर्वीं ब्रिटनमध्यें आयातीची ‘सरकारी किंमत’ सतराव्या शतकाच्या अखेरच्या भावांनीं लावीत. ती बाजारभाव नव्हे, फार तर परिमाणाची खूण होय. तसेंच निर्यातीची किंमत बंदरांत माल जहाजावर चढेपर्यंतची, तर आयातीच्या किंमतींत जहाजभाडें व विमाहि मिळविलेला असतो. म्हणून एकाच गठ्ठ्याची किंमत दोन देशांच्या वह्यांत निराळी दिसते, व तीवरून कोणीं लबाडी केली असें ठरत नाहीं.

तिसरा धोका वर्ष व प्रदेश यांचा. ब्रिटनचें वर्ष जानेवारीपासून, तर हिंदुस्थानचें सरकारी वर्ष १८६७ पासून एप्रिलपासून धरलें जाई. १९३७ सालीं ब्रह्मदेश वेगळा झाला, १९४७ सालीं फाळणी झाली. इकडे १९२३ पासून आयर्लंडचें स्वतंत्र राज्य ब्रिटनच्या हिशेबांतून निघालें. नांव तेंच राहिलें तरी देश तोच राहत नाहीं.

चौथा धोका वर्गवारीचा. ब्रिटननें १८६१ सालीं कागदावरील अबकारी कर उठविला. त्याच दशकांत तेथील गिरण्या स्पेन व अल्जीरिया येथील एस्पार्टो गवत आणूं लागल्या व पुढें लांकडाचा लगदाहि. लगदा आणणारा देश कागदाच्या सदरांत अल्प दिसतो, पण परावलंबी असतोच. आजच्या आंतरराष्ट्रीय जकात-वर्गीकरणांतहि लगदा ४७ व्या, कागद व पुठ्ठा ४८ व्या, आणि छापील पुस्तकें ४९ व्या प्रकरणांत आहेत. हिंदुस्थानांतहि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बाली, लखनौ व टिटागढ येथें गिरण्या निघाल्या. हातकागदाच्या पिछेहाटीचें सारें खापर आयातीवर फोडतां येत नाहीं.

आंकड्यांस दुजोरा देणारा एक पुरावा मात्र कागदाच्या अंगींच असतो. १७९४ च्या इंग्रजी कायद्यानें निर्यातीच्या कागदावरील कर परत मिळण्यास जलचिन्हांत साल घालणें आवश्यक केलें. ही अट १८११ सालीं सैल झाली. म्हणून त्या काळच्या विलायती कागदावर साल वारंवार आढळतें. परंतु एकच सांचा पुष्कळ दिवस चाले, व कागद तर वखारींत वर्षानुवर्षें पडून राही. सबब जलचिन्हांतील साल ही लेखनकालाची अलीकडची नव्हे, तर पलीकडची मर्यादा समजावी : त्या सालापूर्वींची मिति घातलेलें पत्र संशयास्पद होय, त्यानंतरचें सहसा नव्हे.

तेव्हां आमचें मत असें कीं, प्रथम वजन पाहावें, मग किंमत. किंमत एकाच नाण्यांत आणावी. वर्ष, प्रदेश व सदर जुळवावें. आणि शेवटीं प्रत्यक्ष कागद उजेडासमोर धरावा. पत्राचा काल ठरवितांना जकातीची वही साक्षीदार म्हणून बोलवावी, न्यायाधीश म्हणून नव्हे.