शकुंतलेचं इंजिन, वऱ्हाडचा कापूस आणि काही दंतकथा

मूर्तिजापुरात शकुंतला या छोट्या आगगाडीचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास सांगतं, "या लाइनीचे पैसे अजून इंग्रजांना जातात!" वर्तमानपत्रांनीही हे इतक्यांदा छापलं, की ते खरंच वाटू लागलं.

शकुंतलेची यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही 762 मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज लाइन किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने 1910 मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाड्या चालवल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने, पुढे मध्य रेल्वेने. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन खासगीच राहिली आणि करारापोटी कंपनीला मोबदला मिळत राहिला. इथवर सगळं खरं. पण स्वातंत्र्यानंतर किलिक-निक्सन भारतीय मालकांकडे गेली. म्हणजे पैसा लंडनला नव्हे, मुंबईतल्या कंपनीला!

दुसरी दंतकथा मँचेस्टरची. वऱ्हाडचा सगळा कापूस तिकडेच जायचा, असं सांगितलं जातं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861–65) तिथला कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरच्या आसपासच्या, लँकेशायरमधल्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे धाव घेतली, हे खरं. पण जीआयपी नागपूरला पोहोचली 1867 मध्ये, आणि तोवर युद्ध संपलं होतं. वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड, तर लँकेशायरला हवा लांब धाग्याचा अमेरिकन. शकुंतला धावू लागली तोवर जपान आणि मुंबईच्या गिरण्या मोठी गिऱ्हाइकं झाल्या होत्या. दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा या बाजारांतल्या गाठी मूर्तिजापूरला उतरायच्या आणि ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढायच्या. लाइन टाकली ती या मालासाठी. माणसांची लाडकी ती नंतर झाली.

मँचेस्टरहून मात्र एक वस्तू नक्की आली: झेडडी जातीचं वाफेचं इंजिन. बांधणी 1921 ची, इथं कामाला लागलं 1923 मध्ये.

या इंजिनामुळेच गाडी रखडायची, असंही लोक म्हणतात. बिचाऱ्यावर हा अन्यायच आहे. डिझेल आल्यावरही वेग फारसा वाढला नाही, कारण अडचण जुन्या रुळांची होती. शिवाय अख्खी गाडी जेमतेम सात जण सांभाळायचे. स्टेशनवर तिकीट खिडकी उघडायला माणूस नसे, म्हणून गार्डच डब्यातून उतरून तिकिटं द्यायचा, मग हिरवा बावटा दाखवायचा. इंजिन सोडणं-जोडणंही याच मंडळींकडे. यवतमाळ ते अचलपूर हा जवळपास 190 किलोमीटरचा प्रवास वीसेक तास चालायचा, तो यामुळे.

आणि इंग्रज गेले तशी वाफही गेली, हा समज तर साफ चुकीचा. मालगाड्यांसाठीची डब्ल्यूजी जातीची वाफेची इंजिनं स्वतंत्र भारतात आली. चित्तरंजनच्या कारखान्यातून त्यातलं पहिलं, 'देशबंधू', 1950 मध्ये निघालं आणि शेवटचं, 'अंतिम सितारा', 1970 मध्ये. शकुंतलेचं मँचेस्टरी इंजिन त्यानंतरही धावतच राहिलं. ते उतरवून डिझेल जोडलं, ती तारीख होती 15 एप्रिल 1994.