विद्युत मोटार : आधी किलोमीटर मोजा, मग किंमत

दिवाळीचे वहीपूजन आटोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझे एक जुने खातेदार आपल्या चिरंजीवांसह घरी आले. धान्याचा व्यापार, दुकान आणि घर येथेच शहापूरला, भंडाऱ्याच्या अलीकडे महामार्गालगत. पिता-पुत्र दोघांच्याही हातात एकेक कागद होता. मुलाच्या कागदावर विद्युत मोटारीचे दरपत्रक, वडिलांच्या कागदावर पेट्रोल मोटारीचे.

“काका, ही गाडी रुपया-सव्वा रुपयात एक किलोमीटर चालते. पेट्रोलला सात रुपये लागतात. यात विचार करण्यासारखे काय आहे?” मुलगा म्हणाला.

“साहेब, तीन लाख रुपये आधी जास्त द्यायचे आणि मग रुपया-रुपया वाचवत बसायचे, हा कुठला व्यापार?” वडील म्हणाले.

दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर होते. दोघांच्या हिशेबात एक आकडा मात्र कोठेच नव्हता, तो म्हणजे महिन्याला गाडी किती किलोमीटर धावते. मी विचारले तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पेट्रोलचा खर्च वहीत ‘गाडीखर्च’ या एकाच सदरात पडत होता. किलोमीटरची नोंद कोणीच ठेवली नव्हती.

प्रति किलोमीटर खर्च

आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. आठवड्यातून तीन फेऱ्या नागपूरला, कधी कळमन्याला तर कधी इतवारीला. जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटर. त्यात भंडारा आणि परिसरातील येणे-जाणे मिळवले, तेव्हा महिन्याला १,८०० किलोमीटर झाले; वर्षाला २१,६००.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. लिटरला १०५ रुपये आणि प्रत्यक्षात मिळणारे १५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला ७ रुपये.

विजेचा हिशेब तितका सोपा नाही, आणि बहुतेक चुका येथेच होतात. मुलाने बॅटरीची क्षमता आणि जाहिरातीतील पल्ला यांचा भागाकार केला होता. जाहिरातीतील पल्ला हा प्रमाणित चाचणीतील असतो. महामार्गावरील वेग, मे महिन्यातील आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि अखंड चालणारे वातानुकूलन यांमुळे तो प्रत्यक्षात कमी भरतो. शिवाय भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत पोहोचत नाही. काही उष्णतेत जाते. म्हणून मीटरवरील एका युनिटामागे ६ किलोमीटर धरणे सुरक्षित.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. मुलाने घरच्या वीजबिलाची रक्कम युनिटांनी भागून सरासरी दर काढला होता. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे : १०० युनिटांपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा, आणि प्रत्येक टप्पा आधीच्याहून महाग. घरचा वापर २०० युनिटांचा असेल आणि १,८०० किलोमीटरांसाठी मोटार आणखी ३०० युनिटे घेत असेल, तर ती सगळी युनिटे वरच्या, महाग टप्प्यांतच पडणार. स्वस्त टप्पा घरातील दिवे-पंख्यांनी आधीच वापरलेला असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर येथे सरासरी दर पाहायचा नसतो, शेवटच्या युनिटाचा दर पाहायचा असतो. वहन आकार व वीजशुल्क धरून आम्ही तो १५ रुपये मानला. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये झाले. जाहिरातीच्या दुप्पट, तरीही पेट्रोलच्या जवळपास एकतृतीयांश.

देखभालीतही फरक आहे. विद्युत मोटारीला इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. वेग कमी करताना मोटरच ब्रेकचे काम करून थोडी वीज परत साठवते, त्यामुळे ब्रेकही अधिक टिकतात. मात्र बॅटरीच्या वजनामुळे टायरची झीज कमी होत नाही, उलट वाढू शकते. हे सगळे जमेस धरून आम्ही किलोमीटरमागे ४० पैसे बचत धरली. एकूण बचत किलोमीटरला ४ रुपये ९० पैसे.

तीन लाखांचे व्याज

आता वडिलांची बाजू. दोन्ही मोटारी साधारण एकाच आकाराच्या, आणि रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीतील फरक तीन लाखांचा. हा फरक अलीकडे वाढला आहे. चार मीटरच्या आतील, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. विद्युत मोटारीवरील ५ टक्के तसाच राहिला. विद्युत मोटारीला आपल्या राज्यात मोटार वाहन करात माफी आहे, तर पेट्रोल मोटारीला व्यक्तीच्या नावे किमतीनुसार ११ ते १३ टक्के कर पडतो. ती माफी या फरकात आधीच आलेली आहे. विक्रेत्याच्या सांगण्यावरून ती पुन्हा मोजू नये.

तीन लाख रुपये ९ टक्क्यांनी आठ वर्षांत फेडायचे, तर मुद्दल-व्याज मिळून वर्षाला सुमारे ५४,००० रुपये होतात. रोख दिले तरी हिशेब हाच. तेवढे भांडवल धंद्यातून निघते. तृतीय पक्ष विम्यात विद्युत मोटारीला १५ टक्के सवलत आहे, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा किमतीप्रमाणे वाढतो. त्यासाठी वर्षाला ५,००० जादा धरले. आठ वर्षांनी या जादा किमतीचे काहीच परत मिळणार नाही, असे गृहीत धरले. एकूण जादा भार वर्षाला ५९,००० रुपये.

५९,००० ला ४.९० ने भागले की उत्तर येते सुमारे १२,००० किलोमीटर. महिन्याला एक हजार. वाचकहो, या लेखातील एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा. महिन्याला हजारापेक्षा अधिक धावणाऱ्याला विद्युत मोटार पैसे मिळवून देते. त्याहून कमी धावणाऱ्याकडून ती पैसे घेते.

या व्यापारी कुटुंबाची बचत वर्षाला १,०५,८४० रुपये; भार वजा जाता ४६,८४० रुपये निव्वळ लाभ. मग मी माझाही हिशेब मांडला. निवृत्तीनंतर माझी गाडी महिन्याला चारशे किलोमीटर धावते. बचत २३,५२० आणि भार ५९,०००. म्हणजे वर्षाला ३५,००० हून अधिक तोटा. वापर कमी असल्याने मला विजेचा दर थोडा कमी पडेल, पण निष्कर्ष बदलत नाही.

वीज कोठून भरणार?

हा सगळा लाभ घरी चार्जिंग करण्यावर उभा आहे. सार्वजनिक जलद चार्जरवर करांसह युनिटाला २४ रुपये पडले, तर किलोमीटरचा खर्च चार रुपये होतो. त्याच कुटुंबाचा निव्वळ लाभ ४६,८४० वरून १४,४४० वर येतो.

याची प्रचिती नागपूरला पूर्वीच आली आहे. २६ मे २०१७ रोजी ओला आणि महिंद्र यांच्या सहभागाने तेथे विद्युत टॅक्सी व रिक्षा मिळून सुमारे दोनशे वाहनांचा प्रयोग सुरू झाला. देशात त्याचे मोठे कौतुक झाले. परंतु चार्जिंग केंद्रांवरील रांगा आणि तेथे वाया जाणारे तास यांना कंटाळून काही चालकांनी गाड्या परत केल्या. किलोमीटरमागे वीज स्वस्त होती, पण रांगेत उभ्या असलेल्या टॅक्सीला भाडे मिळत नाही. व्यापाऱ्यालाही हे लागू आहे. बाजाराच्या वेळेत चार्जरवर गेलेला तास कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

छतावर सौर संच बसविणाऱ्यांचे गणित वेगळे. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. आपल्याकडील उन्हात असा संच महिन्याला तीनशेहून अधिक युनिटे देऊ शकतो, म्हणजे या मोटारीला लागतील तेवढी. दिवसा गाडी नागपूरला असली तरी नेट मीटरिंगमुळे वीज खात्यात जमा होते. मात्र संचाची उरलेली किंमतही वहीत लिहावी. सूर्य फुकट आहे, पत्रे नव्हेत.

महावितरणकडे विद्युत वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्गही आहे. वेगळी जोडणी घेण्याआधी तो दर स्थिर आकारासह कसा पडेल, हे विचारून घ्यावे.

कर आणि बॅटरी

धंद्यासाठी वापरलेल्या विद्युत मोटारीवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. साध्या मोटारीवर १५ टक्के. पण अनुमानित उत्पन्न पद्धतीने विवरण भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना घसारा वेगळा मागता येत नाही. मोटारीवरील जीएसटीची वजावट तर सामान्य व्यापाऱ्याला दोन्हींपैकी कोणत्याच मोटारीवर मिळत नाही. टोलमाफीचाही पुष्कळ बोलबाला होतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात ती मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवर पूर्ण आहे. आपण रोज नागपूरला जातो तो रस्ता या तिहींत नाही.

बॅटरीची हमी अनेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी देतात. वर्षाला २१,६०० धावणाऱ्याची हमी आठ वर्षे नव्हे, सात वर्षे पाच महिन्यांतच संपते. अधिक धावण्यात लाभ आहे आणि त्याच धावण्यात हमीचा शेवटही आहे. उष्णतेने बॅटरी लवकर जुनी होते. म्हणून उन्हाळ्यात गाडी सावलीत ठेवावी आणि पूर्ण भरून दिवसेंदिवस उभी ठेवू नये.

हे सारे मांडून झाल्यावर वडिलांनी मला विचारले, “साहेब, तुम्ही बँकेत इतकी वाहनकर्जे मंजूर केलीत. तेव्हा कधी किलोमीटर विचारलेत का?” मला उत्तर देता आले नाही. आम्ही उत्पन्न पाहत होतो, हप्ता बसतो की नाही ते पाहत होतो. हप्ता बसणे आणि वस्तू परवडणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मीही निवृत्तीनंतरच कागदावर मांडून पाहिले.

त्या कुटुंबाने लगेच गाडी घेतली नाही. दुकानाच्या रोजमेळात एक नवा रकाना पाडला आणि महिनाभर रोज संध्याकाळी मीटरवरील आकडा लिहिला. बेरीज १,७४० आली. मग मुलाने विद्युत मोटारीची नोंदणी केली आणि वडिलांनी सौर संचासाठी अर्ज. माझी जुनी पेट्रोल गाडी अंगणात तशीच उभी आहे.

वरील दर माझे गृहीत दर आहेत. आपल्या बिलावरील आणि दरपत्रकावरील आकडे घालून हिशेब पुन्हा करावा. त्याआधी महिनाभर तो एक रकाना मात्र भरावा.