गुळाचा खडा आणि लोहाचा हिशेब

सांगलीच्या बाजारात गुळाचे सौदे निघतात आणि ‘गूळ खा, रक्त वाढेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. हिशेब मात्र जुळत नाही. १० ग्रॅमच्या खड्यातून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. बाईला रोज २९ मिलिग्रॅम हवं, असं आयसीएमआरची २०२० ची शिफारस सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

खरा साठा माण, जत, आटपाडीच्या कोरडवाहू रानात आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं. ‘धनशक्ती’ वाणात त्याहून जास्त. भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडाही मागे नाही.

अडचण शोषणाची. धान्य-कडधान्यातलं लोह फायटेट अडवून धरतात. जेवणाबरोबर चहा घेतला, तर त्यातली टॅनिनंही त्यांना सामील होतात. मटकीला मोड आणले की फायटेट घटतात. क जीवनसत्त्व तर ही अडवणूक बरीच सैल करतं. मिसळीसोबतची लिंबाची फोड बशीत तशीच सोडणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

रक्तक्षय झालाच असेल, तर नुसत्या ताटावर भागत नाही. हिमोग्लोबिन तपासून डॉक्टर देतील त्या गोळ्या घ्या, आणि चहा जेवणानंतर तासाभराने.